चार बोटं चटणी

वर्षाराणीच्या घरातून रविवारी मटणाचा वास सुटायचा. घरात मटण नसायचं.

ऐकणाऱ्याला गंमत वाटेल. वाटू दे. ज्याच्यावर मटणाशिवाय मटणाचा वास काढायची वेळ आलेली नाही, त्यानं खुशाल हसावं. वर्षाराणी दसऱ्यापासून हा उद्योग करत होती आणि तिला एकदाही हसू आलं नव्हतं.

सकाळी नऊच्या सुमाराला ती पिराजीच्या मटणाच्या दुकानात जायची. पूर्वी तिथं ती रांगेत उभी राहून किलोभर मटण घ्यायची, मांडीचंच पाहिजे म्हणून हुज्जत घालायची. आता रांग ओसरली की बाजूनं पुढं व्हायची आणि कुत्र्याला टाकायला थोडी चरबी मागायची. जुनं गिऱ्हाईक म्हणून पिराजी मूठभर चरबी कागदात गुंडाळून द्यायचा. घरी आलं की कांदा आणि खोबऱ्याचा तुकडा गॅसच्या जाळावर काळा होईस्तोवर भाजायचा. पातेल्यात चरबी वितळवायची, तिच्यावर बरोबर दीड चमचा चटणी टाकायची, आणि टाकायच्या आधी पलीकडच्या खोलीच्या अंगाची खिडकी सताड उघडायची. चटणी चरबीत पडली की असा काही ठसका उठायचा की ओळीतल्या सहाही खोल्यांना कळायचं, आज कृष्णातच्या, म्हणजे वर्षाराणीच्या नवऱ्याच्या, घरी बेत आहे. मग त्यात हुलगे शिजवलेलं दाट पाणी जायचं, भिजवून पिळलेल्या सोयाबीनच्या वड्या जायच्या, दोन बटाटे जायचे. वर तांबडा तवंग यायचा. दिसायला रस्सा, वासाला रस्सा. चावायला गेलं की खरं काय ते कळायचं, पण चावणारी माणसं घरचीच होती.

वास पोहोचायचा तो चिमणाबाईपर्यंत. चिमणाबाई म्हणजे वर्षाराणीच्या सासऱ्यांची चुलत बहीण, नात्यानं आत्याबाई. कोल्हापूरजवळच्या उंचगावातली ही खोली तिनंच मिळवून दिली होती आणि ती स्वतः भिंतीला भिंत लागून राहायची. बाई माळकरी. मटणाच्या दिवशी वर्षाराणीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची नाही. म्हणजे डोळ्यांनी तपास नाही, जे काही ते नाकानं. आणि दर रविवारी संध्याकाळी ती गावाकडं आपल्या भावाला फोन लावायची. तिला कमी ऐकू यायचं, त्यामुळं फोनवर ओरडून बोलायची, आणि वर्षाराणी भिंतीच्या अलीकडं हातातलं काम थांबवून आपल्या घराचा निकाल ऐकत राहायची.

“आज बी वास सुटलाय की,” चिमणाबाई ओरडायची. “खाऊनपिऊन सुखी हायत.”

मग वर्षाराणीचा पुढचा आठवडा सुरू व्हायचा.

ज्यांना हा निकाल जायचा ते आण्णा, तिचे सासरे. मलकापूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांचं गाव. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, दोन म्हशी आणि चार वाफे भात, एवढ्यात एकटे राहायचे. माणूस मनानं चांगला, पण एकदा शब्द तोंडातून गेला की तो गिळायचा नाही. तीन वर्षांपूर्वी नात मोना नर्सिंगला लागली, आणि तिच्यासाठी वर्षाराणी गाव सोडून नवऱ्याजवळ राहायला निघाली, तेव्हा आण्णांनी एसटीच्या दारात उभं राहून अट घातली होती. शहरात पोट मारून शिकायचं नाही. ज्या दिवशी घरातलं रविवारचं मटण चुकेल, त्या दिवशी बिऱ्हाड गुंडाळून गावी यायचं आणि मोनाचं विश्वजितशी लग्न लावून द्यायचं. हा विश्वजित शेजारच्या गावचा, घरी दूधदुभतं, मुलगा वाईट नाही. मोनाला फक्त तो नको होता. तिला पांढरे कपडे घालून इस्पितळात उभं राहायचं होतं.

मटणावरच का अडलं, असं कोणी विचारेल. आण्णांनी लहानपणी भूक पाहिली होती. घर चाललंय की बसलंय, हे ओळखायची त्यांच्याजवळ ही एकच खूण होती आणि ती त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

दोन वर्षं काही अडलं नाही. कृष्णात शिरोलीला एका फाउंड्रीत भट्टीवर होता. मग दसरा झाला आणि कारखान्यातली एक भट्टी बंद पडली. कंत्राटावरची माणसं आधी कमी झाली, त्यात हा. महिनाभर घरी बसला, मग मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला बदली हमाल म्हणून जायला लागला. कधी चार दिवस काम, कधी दोन. पण सकाळी बाहेर पडताना अंगात भट्टीवरचा निळा शर्टच असायचा, कारण चिमणाबाई त्या वेळी दारात दात घासत उभी असायची. दिवसभर खांद्यावर गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, वाहून संध्याकाळी तो शर्ट चिकट होऊन यायचा आणि खुंटीला अडकवला की तासाभरात त्याला मुंग्या लागायच्या. वर्षाराणी तो रोज धुवायची. मुंग्यांचं तिला काही वाटत नव्हतं, मुंग्या कोणाच्या नजरेला पडतील याचं वाटायचं.

घर मात्र तिनं पडू दिलं नाही. आण्णांनी दिवाळीला धाडलेल्या हुलग्यांवर तिनं असा काही हिशेब बसवला होता की एखाद्या हॉटेलवाल्यानं येऊन शिकावं. एकदा शिजवलेल्या हुलग्याचं पाणी आमटीला, दाणे उसळीला, आणि कोरडे हुलगे भरडून त्याच्या पिठाचं माडगं. भात अख्ख्या तांदळाचा नाही, कणीचा. गुळाचा चुरा कृष्णात यार्डातून आणायचा, त्यामुळं साखर दसऱ्यापासून घरात आलीच नव्हती. डाळ आठवड्यातून दोनदा, तीही पळीभर. मोनाच्या डब्यात मात्र रोज शेंगदाण्याचा कूट पडायचा. त्यात काटकसर नाही.

आणि या सगळ्याला तोंडाला लावण्याजोगं करणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे चटणी. एप्रिलात, भट्टी चालू असताना, वर्षाराणीनं वर्षाची चटणी केली होती. ब्याडगी आणि जवारी मिरची, खोबरं, तीळ, धणे, कांदा, ढीगभर लसूण, सगळं भाजून तळून डंकावर कांडून आणलेलं. त्यातला एक डबा आण्णांना गेला, बाकीची चिनी मातीच्या बरणीत. ही चटणी आहे तोवर हुलग्याच्या पाण्याची आमटी होते, शिळ्या भाकरीचं जेवण होतं, मटणाविना रस्सा होतो. ती संपली की हुलग्याचं पाणी हे हुलग्याचं पाणीच. नवी करायची म्हटली तर मिरचीच्या भावाकडं बघायचीसुद्धा सोय नव्हती.

म्हणून ती दर पंधरवड्याला बरणी मोजायची. उलथन्याचा दांडा तळापर्यंत उभा करायचा, वर काढायचा आणि चटणी लागली असेल तिथवर बोटं आडवी लावायची. दसऱ्याला तेरा बोटं होती. एका बोटाला अडीच आठवडे, असा तिचा दंडक. मोनाची शेवटची परीक्षा मे महिन्याच्या अखेरीला. तिथपर्यंत बरणी पुरली की पोरगी नर्स झाली, मग आण्णांना सगळं सांगायचं, काय बोलायचं ते बोलू दे.

जानेवारीत पहिला धोका आला तो पिराजीकडून. चरबी बांधता बांधता त्यानं विचारलं, “वैनी, तुमचं कुत्रं लई खातंय. एकदा आणा की दाखवायला.” रांगेतली दोन माणसं वळून बघायला लागली. वर्षाराणी काहीतरी पुटपुटून निघाली. असं किती दिवस चालणार.

तशात माघ आला आणि तिला वाट सापडली. माघी पौर्णिमेनंतरचे पाच रविवार लोक जोतिबाचे खेटे घालतात. पहाटे कोल्हापुरातून अनवाणी निघायचं आणि चालत डोंगर चढून देवाच्या पायरीला जायचं. ज्या घरात खेटे आहेत तिथं त्या रविवारी मटणाचं नावसुद्धा निघत नाही, आणि कोणी विचारतही नाही. पाच रविवार वास काढायला नको. तिनं चिमणाबाईला सांगून टाकलं की औंदा मोनाच्या परीक्षेसाठी खेटे धरलेत.

आता बोलली म्हणजे चालणं आलंच. पहिल्या रविवारी कुशिऱ्याच्या चढाला लागल्यावर पुढची माणसं चांगभलं म्हणत गुलाल उधळत होती आणि ही मान खाली घालून चालत होती. तिला लाज वाटत होती. सगळे देवासाठी चाललेत आणि आपण मटणाचा खर्च चुकवायला. तिनं मनातल्या मनात देवाला सरळ सांगून टाकलं की मी तुझ्यासाठी आलेली नाही, राग मानू नको. देवानं मानला की नाही कोण जाणे, पण तळपायाला चांगले फोड आले. दुसऱ्या रविवारी ती पुन्हा गेली. पाचव्या रविवारी मात्र वर पोचल्यावर तिनं खरोखरच हात जोडले आणि फक्त मे महिना मागितला.

चुकलं ते इथंच. फुकट मिळालेली सवलत म्हणून तिनं खेटे धरले, आणि चिमणाबाईनं ती बातमी दर रविवारी गावाला ओरडून सांगितली. आण्णांना रविवारी कळायचं की सून अनवाणी डोंगर चढून आली. म्हाताऱ्याचं मन भरून आलं. पाचवा खेटा झाला त्याच्या पुढच्या शनिवारी चिमणाबाई दारात आली आणि आनंदानं म्हणाली, “दादा उद्या येतोय. सुनेच्या हातचा रस्सा खायचाय म्हणतोय.”

वर्षाराणी हसली. हसायलाच पाहिजे होतं. चिमणाबाई वळल्यावर ती तिथंच जात्याला टेकून बसली.

कृष्णात म्हणाला, सांगून टाकू. त्याला खोटं पेलत नव्हतं, महिनाभर तो हेच म्हणत होता. पण सांगितलं की सोमवारी टेम्पो येणार आणि मोनाची परीक्षा राहणार, हे दोघांनाही माहीत होतं. मोना पुस्तक मिटून बसली होती. शेवटी वर्षाराणीनं गॅसच्या टाकीसाठी ठेवलेल्या पैशांना हात घातला.

रविवारी ती उजाडताच पिराजीच्या रांगेत उभी राहिली आणि पाव किलो मागितलं. पिराजीनं सुरी थांबवून तिच्याकडं पाहिलं, मग तोललं आणि वर एक नळी, मगजाचं हाड, टाकली. एवढी माणुसकी होती त्याच्यात.

पाव किलोचे सात तुकडे झाले. सातही आण्णांच्या ताटात जायचे, बाकीच्यांच्या ताटात वड्या, हे ठरलेलं. मटण शिजवलेल्या पाण्याचा पांढरा रस्सा करायचा, तो पुरवायला तिनं कणीची पेज वाटून घातली, मूठभर तीळ वाटून घातले, आणि नारळाच्या एका पाव तुकड्याचं दूध. तांबड्यात रोजचंच हुलग्याचं पाणी. मोनाला बजावलं, मान खाली घालून जेवायचं. कृष्णातला बजावलं, आण्णा विचारतील तेवढंच बोलायचं. निळा शर्ट तिनं खुंटीवर मुद्दाम समोर अडकवला. भट्टीची खूण म्हणून. आदल्या दिवशी धुवायचा तेवढा राहून गेला, हे त्या गडबडीत तिच्या ध्यानात आलं नाही.

आण्णा अकराच्या एसटीनं आले. खांद्यावर हुलग्यांचं गाठोडं, हातात रताळ्यांची पिशवी. आल्या आल्या वाकून सुनेच्या पायांकडं बघितलं, फोड बरे झाले का विचारलं. हा माणूस शिव्या देत आला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पंगत बसली. एका बाजूला आण्णा, त्यांच्या शेजारी मोना, समोर कृष्णात. वर्षाराणी वाढत होती. आण्णांनी पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि मान डोलावली. भाकरी मोडली. एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला. भिंतीपलीकडं चिमणाबाईच्या खोलीतून भांड्याचाही आवाज येत नव्हता.

सगळं निभलं असतं. पण आण्णांनी ताटातली नळी उचलली आणि नातीच्या ताटात ठेवायला हात लांब केला. पोरगी अभ्यास करते, तिला वाढ की चांगलं, असं काहीतरी म्हणाले. मोना नको नको म्हणत ताट मागं घ्यायला गेली, तेवढ्यात म्हाताऱ्याची बोटं तिच्या रश्श्यात बुडाली. वडी हाताला लागली. आण्णांनी ती दाबली. मऊ, स्पंजासारखी. त्यांनी ती बाहेर काढून बघितली, मग कृष्णातच्या ताटाकडं बघितलं, मग स्वतःच्या.

आण्णांनी मान वर केली ती सरळ समोरच्या भिंतीकडं. खुंटीवर निळा शर्ट होता आणि जमिनीपासून त्याच्या खांद्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

“भट्टीवरच्या शर्टाला मुंग्या कशा लागल्या रं?” आण्णांनी विचारलं.

कृष्णात ताटाकडं बघत राहिला आणि त्याचे डोळे भरले. मग वर्षाराणीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दसरा, भट्टी, गूळ, पिराजीची चरबी, खेटेसुद्धा. खेट्यांचं सांगताना तिचा आवाज फुटला, पण तिनं ते वगळलं नाही.

आण्णा ओरडले नाहीत. ते ओरडतील म्हणून तिनं कंबर कसली होती. त्यांनी हात ताटाबाहेर घेतला आणि सावकाश म्हणाले, “उद्या टेम्पो सांगतो. सामान आवरा.”

मोना रडायला लागली. आवाज न करता, ताटावर वाकून. दोन महिने राहिलेत आज्जा, एवढंच तिच्या तोंडातून निघालं. आण्णांनी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर शब्द मोडावा लागला असता.

तेव्हा वर्षाराणी आत गेली आणि चटणीची बरणी दोन्ही हातांनी उचलून आण्णांच्या ताटासमोर आणून ठेवली. सासऱ्यांसमोर ती आजवर पदर सावरून, खालच्या मानेनं बोललेली. आता ती समोर बसली.

“आण्णा, दसऱ्यापास्नं घर ह्या बरणीवर चाललंय,” ती म्हणाली. “एक दिवस कोण उपाशी झोपलेलं न्हाय. अजून चार बोटं चटणी हाय, आन् चार बोटांत मोनाची परीक्षा बसती. ही रिकामी झाली तर तुमी टेम्पो सांगायच्या आदी आमी भांडी बांधून बसतो. पर हाय तवर न्हाय.”

आण्णांनी उलथनं मागितलं. दांडा बरणीत उभा केला, वर काढला आणि त्यावर आपली बोटं आडवी लावली. आयुष्यभर नांगर आणि दावं धरलेली ती बोटं, जाड, नखांत माती मुरलेली.

“तीनच भरत्यात,” आण्णा म्हणाले.

तीन बोटं म्हणजे मेचा पहिला आठवडा. परीक्षा अखेरीला. मोनानं रडं थांबवून आईकडं पाहिलं.

“चूल माजी हाय आण्णा,” वर्षाराणी म्हणाली. “बोटं बी माजीच लावायची.”

बोलून गेल्यावर तिची तिलाच भीती वाटली. कृष्णात तर पार आक्रसून गेला. आण्णांनी उलथनं खाली ठेवलं. चटणीनं लाल झालेला दांडा ते बघत राहिले. मग त्यांनी ताट पुढं ओढलं. उरलेल्या तुकड्यांतला एक कृष्णातच्या ताटात टाकला, एक मोनाच्या, एक बाजूला काढला आणि सुनेला बस म्हणून खुणावलं. स्वतः मोनाच्या ताटातून एक वडी उचलून चावली. बराच वेळ चावत होते.

“रिकामी झाली की कळवायचं,” जेवण झाल्यावर ते म्हणाले. “आता खोटं न्हाय बोलायचं.” आणि चारच्या एसटीनं निघून गेले. टेम्पोचं नाव पुन्हा काढलं नाही, पण राहा असंही म्हणाले नाहीत.

त्या दिवसापासून वर्षाराणीनं वास काढायचं सोडलं. पिराजीकडची वाट सुटली, त्याचं तिला हलकं वाटलं. पण बरणीची धास्ती दुप्पट झाली. पूर्वी पंधरवड्याला मोजायची, आता दोन दिवसांआड. आण्णांचं तीन तिच्या डोक्यातून जाईना. खरंच तीनच असतील तर? आपण आपल्याला बरं वाटावं म्हणून बारीक बोटांनी मोजत आलो की काय? तिनं दीड चमच्याचा एक केला, एकाचा पाऊण केला. आमटीला रंग येईना. कृष्णात काही न बोलता जेवायचा, मोना म्हणायची मला असंच आवडतं, आणि ते ऐकून वर्षाराणीला जास्तच लागायचं. पाडव्याला दारात गुढी उभारताना तिनं बरणी मोजली नाही. सणाच्या दिवशी वाईट बघायचं नाही म्हणून. दुसऱ्या दिवशी मोजली तर साडेतीन भरली. तिच्या बोटांनी.

त्याच आठवड्यात एका सकाळी चिमणाबाई दारात उभी राहिली. हातात फडक्यात बांधलेला मोठा स्टीलचा डबा. गावाकडून भाजी घेऊन येणाऱ्या टेम्पोतून आण्णांनी धाडला होता.

टेम्पो एवढंच वर्षाराणीला ऐकू आलं. चिमणाबाईनं डबा जमिनीवर ठेवला आणि गाठ सोडायची खूण केली.

डबा चटणीनं काठोकाठ भरला होता. डंकावरची नाही. जाडीभरडी, कुठं मिरचीचं बी अख्खं, कुठं खोबऱ्याचा तुकडा तसाच, आणि लसूण सालासकट कुटलेला. बाईच्या हातची नव्हेच. ज्या माणसानं आयुष्यात चहाशिवाय काही केलं नाही, त्यानं उखळ पुढं घेऊन बसल्याशिवाय अशी चटणी होत नाही. वर्षाराणीनं चिमूट जिभेवर ठेवली. मीठ भलतंच जास्त होतं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याला तिखटाचं निमित्त होतं, ते बरं झालं.

चिमणाबाई उंबऱ्यात टेकली. आज रविवार नव्हता, आत यायला हरकत नव्हती. तिनं मग सहज सांगितलं की मटण नसतं हे तिला दिवाळीपासून माहीत होतं. गल्लीतलं कुत्रं रविवारी दारोदार हाडांसाठी बसायचं, वर्षाराणीच्या दारात मात्र ते कधी फिरकलं नाही. वर्षाराणीनं विचारलं, मग आण्णांना का नाही सांगितलं.

“त्यानं वास इचारला, मी वास सांगितला,” चिमणाबाई म्हणाली. “हाडं कुठं इचारली?”

मग उठता उठता तिला निरोप आठवला. आण्णांनी सांगितलं होतं, डबा हातात देशील तेव्हाच सांग. “म्हणालाय, आता तिच्याच बोटानं मोज म्हणावं.”

चिमणाबाई गेल्यावर वर्षाराणीनं डबा बरणीत रिकामा केला. लसणाची सालं निवडायचा विचार तिच्या मनात आला, पण तिनं ती तशीच राहू दिली. उलथन्याचा दांडा तळापर्यंत उभा केला, वर काढला आणि बोटं लावली. नऊ भरली. मग तिनं आण्णांची जाड बोटं डोळ्यांसमोर आणली आणि तशी, फाकवून, पुन्हा एकदा मोजली. सात भरली. त्या बोटांनीसुद्धा बरणी परीक्षेच्या पुढं पुरत होती.